फ्रेंच प्राणिशिल्पांतील मूळ प्रतीचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये मुख्यतः प्राण्यांच्या आकृती घडविणाऱ्या शिल्पकारांचा एक संप्रदाय उदयास आला. ‘आनिमालिए’, म्हणजे जणू ‘प्राणीवाले’, ही संज्ञा त्यांना प्रथम उपहासाने लावली गेली. पुढे तीच गौरवाची ठरली. पिएर-जूल मेन, एमान्युएल फ्रेमिए आदींनी हा संप्रदाय वाढविला. त्यांची लहान ब्राँझ शिल्पे संग्राहकांना आजही प्रिय आहेत. परंतु अशा शिल्पाची ‘मूळ प्रत’ कोणती, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. संप्रदायाचा अग्रणी आंत्वान-लुई बारी (१७९५–१८७५) याच्या चरित्रावरून हे स्पष्ट होते.

बारीने पॅरिसच्या ‘जार्दँ दे प्लांत’मधील जिवंत प्राण्यांचे निरीक्षण केले आणि मृत प्राण्यांच्या विच्छेदनातून त्यांची शरीररचना अभ्यासिली. १८३१ च्या सॅलों प्रदर्शनात त्याचे सुसरीला भक्षिणाऱ्या वाघाचे शिल्प गाजले. मात्र १८३७ मध्ये ऑर्लेआंच्या ड्यूककरिता योजिलेले भोजनमेजावरील त्याचे शिल्पसमूह परीक्षकांनी नाकारले. तेव्हा सॅलोंकडे पाठ फिरवून तो स्वतःची ब्राँझ शिल्पे ओतवून विकू लागला.

या व्यवसायात त्याला कर्ज झाले. १८४५ मध्ये त्याने एमिल मार्टिन याच्याशी भागीदारी केली. १८४८ मध्ये त्याचे नमुने मार्टिनच्या ताब्यात गेले व १८५७ पर्यंत तेथेच राहिले. बारीच्या मृत्यूनंतर १८७६ मध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. त्यातील बरेच नमुने बार्बदिएन या ओतशाळेने घेतले आणि त्यांवरून पुढे दीर्घकाळ प्रती काढल्या. अशा प्रकारे एकच नमुना तीन हातांतून गेला. स्वाक्षरी मात्र सर्वत्र एकच, कारण ती नमुन्यातच कोरलेली असे व साच्याबरोबर प्रत्येक प्रतीत उतरे. स्वाक्षरी नमुन्याचा कर्ता सांगते. प्रत कोणी, केव्हा ओतली, हे सांगत नाही.

याहून अवघड प्रकार म्हणजे तयार ब्राँझवरूनच साचा घेऊन केलेली नक्कल. थंड होताना धातू आकसतो. म्हणून अशी नक्कल आपल्या आधारप्रतीहून किंचित लहान भरते, आणि केस, नखे, स्नायू यांचे बारकावे बोथट होतात. पोथीवरून पोथी उतरविताना पाठ भ्रष्ट होतो, तसेच हे आहे. पाठचिकित्सक पोथ्यांची वंशावळ लावतो. संग्राहकालाही मोजमाप, रेखीवपणा आणि ओतशाळेची खूण यांवरून प्रतीची वंशावळ लावावी लागते. बार्बदिएनच्या काही प्रतींवरील सोन्यात जडविलेली ‘एफ. बी.’ ही अक्षरे अशीच एक खूण होय.

या कामी शिल्पकाराच्या हयातीत जमविलेले संग्रह विशेष उपयुक्त ठरतात. बाल्टिमोरच्या विल्यम वॉल्टर्सने बारीची ब्राँझ शिल्पे त्याच्या हयातीतच घेतली, आणि १८७३ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन कलादालनासाठीही त्याच्याकडे मोठी मागणी नोंदविली. कॉर्कोरन कलादालन २०१४ मध्ये बंद झाले व त्याच्या संग्रहाचा मोठा भाग तेथील राष्ट्रीय कलादालनाकडे गेला. ज्यांची खरेदी ज्ञात आहे, अशा प्रतींशी ताडून पाहूनच इतर प्रतींचा निर्णय करता येतो.

फ्रान्समध्ये १९८१ च्या शासकीय आदेशाने अशा नकलांवर ‘प्रतिकृती’ असा स्पष्ट उल्लेख करणे बंधनकारक केले. त्यापूर्वीच्या असंख्य प्रती मात्र अशा उल्लेखाविनाच बाजारात फिरत आहेत. म्हणून मूळ नमुना कोणाचा आणि प्रत कोणाची, हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे, हीच या संग्रहविद्येची पहिली पायरी होय.