पॉलिअमाइने : वनस्पती व कवक यांच्या परस्परसंबंधांतील कार्य

दोन किंवा अधिक अमाइन गट असलेली लहान, साखळीरूप कार्बनी संयुगे. पुट्रेसीन, स्पर्मिडीन व स्पर्मीन ही त्यांतील प्रमुख होत. पेशीत ती धनभारित असतात; त्यामुळे डीएनए, आरएनए व पटलांतील फॉस्फोलिपिडे या ऋणभारित रेणूंना बिलगतात. पेशीविभाजनासाठी वनस्पतीला ती लागतात, तशी तिच्यावर पोसणाऱ्या कवकालाही लागतात. म्हणून रोगट पानात सापडलेले पॉलिअमाइन नेमके कोणाचे, हा या विषयातला जुना पेच आहे. भुरी पडलेले बार्लीचे पान पिवळे पडत असताना कवकाभोवती ‘हिरवी बेटे’ टिकून राहतात. त्यांत पॉलिअमाइने वाढलेली आढळतात, पण तेवढ्यावरून त्यांचा मालक ठरत नाही.

पुट्रेसीन तयार करण्याच्या वाटा मात्र वेगळ्या आहेत. बहुतेक कवके ते ऑर्निथीनपासून बनवतात. वनस्पतींना आर्जिनिनपासून निघणारी दुसरी वाटही असते. ॲराबिडॉप्सिस या वनस्पतीत तर ऑर्निथीनची वाट मुळातच नाही. एम. व्ही. राजम, वाइनस्टाइन व आर्थर गॅल्स्टन यांनी १९८५ मध्ये याच फरकावर बोट ठेवले. ऑर्निथीन डीकार्बॉक्सिलेज हे एंझाइम कायमचे निकामी करणारे डीएफएमओ त्यांनी घेवड्याच्या रोपांवर फवारले आणि तांबेऱ्याचे बीजाणू सोडले. ०.५ मिलिमोलर व त्याहून तीव्र द्रावणाने पाने पूर्ण वाचली. हेच औषध पुढे एफ्लॉर्निथीन या नावाने आफ्रिकेतील निद्रारोगावर वापरात आले. शेतातल्या फवारणीत मात्र ते रुळले नाही.

वनस्पती पॉलिअमाइनांचा हत्यारासारखाही उपयोग करते. पेशीभित्तीलगत त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ते भित्ती बळकट करते आणि लागण झालेल्या पेशींचा मृत्यू घडवून कवकाची वाट अडवते. बार्लीतील हॉर्डाटिने ही कवकरोधी द्रव्येही आर्जिनिनच्या वाटेवर तयार होणाऱ्या ॲग्माटिनच्या संयुगांपासून बनतात. पण हे हत्यार उलटतेही. फ्युजेरियम ग्रॅमिनिॲरम गव्हाच्या ओंबीत शिरले की गव्हाची पॉलिअमाइननिर्मिती लवकरच वाढते, आणि पुट्रेसीन व ॲग्माटिन यांच्या संपर्कात हे कवक डीऑक्सिनिव्हॅलेनॉल हे विष जोमाने तयार करू लागते. यजमानाची हालचाल ओळखूनच शत्रू विष काढतो, असा याचा अर्थ लावला जातो.

भातावरील करपा घडवणाऱ्या मॅग्नापोर्थे ओरायझीत कवकाची स्वतःची गरज उघड दिसते. पान भेदण्यासाठी हे कवक घुमटाकार दाबपेशी तयार करते. तिच्यातील दाब ८ मेगापास्कलपर्यंत चढतो. तो पेलायचा तर दाबपेशीची कड पानाला घट्ट चिकटलेली हवी. स्पर्मीन बनवता न येणाऱ्या उत्परिवर्तित कवकात ही पकड सैल राहते व भेदन फसते, असे २०२० मध्ये दाखवण्यात आले.

मुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांचीही हीच गरज आहे. वाटाण्यावरील प्रयोगांत डीएफएमओ दिल्यावर मायकोरायझाची लागण घटली आणि सोबत पुट्रेसीन दिल्यावर ती सावरली. तांबेरा रोखणारे द्रव्य मातीतल्या उपकारक कवकालाही सोडत नाही, ही त्याच्या वापरातली खरी अडचण होय.