सीमेवरचा दाखला आणि कानांतील खूण

डुकराच्या प्रवासाला सरकारी दाखला लागतो, हें ऐकून पुष्कळांस हंसूं येईल. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षें राज्यकर्त्यांपुढें आहे. तेथील मध्यभागांतील शेतकरी आपला मका विकण्याऐवजीं पुष्कळदां डुकरांस चारीत आला आहे. म्हणून कळप रोगानें बसला कीं वर्षाचें पीकच बुडालें असें समजावें.

त्या देशांत डुकरांच्या कॉलऱ्याची पहिली नोंद १८३३ च्या सुमारास ओहायओ राज्यांत झाली. माणसांच्या पटकीशीं या रोगाचा कांहींएक संबंध नाहीं. पुढें आगगाड्या आल्या, जनावरांचे प्रचंड बाजार उभे राहिले आणि सांथही गाडीच्या वेगानें धांवूं लागली. प्रत्येक राज्यानें आपापल्या परीनें अटकाव केला. पण एका राज्याचा हुकूम दुसऱ्यांत चालेना. अखेर २९ मे १८८४ रोजीं मध्यवर्ती सरकारनें पशूंच्या रोगांसाठीं स्वतंत्र खातें स्थापिलें, व सांसर्गिक रोगानें पछाडलेलें जनावर राज्याबाहेर नेणें हा गुन्हा ठरविला.

पण दाखला म्हणजे काय? अमुक दिवशीं जनावर पशुवैद्यास निरोगी दिसलें, एवढीच ती साक्ष. रोग अंगांत शिरल्यावर लक्षणें उमटेपर्यंत कांहीं दिवस जातात. तेवढ्यांत जनावर दोन-तीन राज्यें ओलांडून गेलेलें असतें.

याचा पडताळा १९५२ सालीं आला. तोंडास व खुरांस फोड आणणारा एक रोग १९३२ पासून कॅलिफोर्नियांत होता. लाळ-खुरकतीशीं त्याचें साम्य इतकें, कीं पहिल्यानें कळपच्या कळप मारावे लागले. तरी अमेरिकेच्या मुख्य भूमीवर वीस वर्षें तो त्या राज्याबाहेर पडला नाहीं. मग सॅन फ्रान्सिस्कोहून शिकागोकडे जाणाऱ्या आगगाड्यांतील उष्टें-खरकटें वायोमिंगमधील शायेन गांवीं न शिजवितां डुकरांस घालण्यांत आलें. तेथील डुकरें नेब्रास्कांतील ग्रँड आयलंडच्या एका कारखान्यानें विकत घेतलीं. आणि दैवदुर्विलास असा, कीं तो कारखाना डुकरांच्या कॉलऱ्यावरील सीरम तयार करणारा होता! जूनमध्यें रोग ओळखला गेला, पण तोंवर तो बाजारांत शिरला होता. सव्वा वर्षांत त्यानें बेचाळीस राज्यें गांठलीं. खरकटें शिजवूनच घालावें असे कायदे राज्यांनीं केले, तेव्हां कोठें १९५९ सालीं रोग नाहींसा झाल्याचें जाहीर झालें.

बाजारांत अनेक शेतांवरचीं डुकरें एकत्र मिसळतात. अंगावर खूण नसेल तर रोगी डुकराचें मूळ शेत शोधणें दुर्घट होतें. १९६१ च्या कायद्यानें कॉलऱ्याच्या उच्चाटनाची मोहीम सुरू झाली आणि ३१ जानेवारी १९७८ रोजीं देश त्या रोगांतून मुक्त ठरला. पुढें १९८८ च्या केंद्रीय नियमानें राज्याबाहेर जाणाऱ्या डुकरांस ओळख आवश्यक केली: कानांत बिल्ला, अंगावर गोंदण, किंवा नोंदलेल्या जातिवंत डुकरांच्या कानाला विशिष्ट खांचा. एकाच शेतावरचा, दुसऱ्यांत न मिसळलेला कळप असेल तर एका ओळखीवर भागतें.

अशा खुणांकडे शेतकरी संशयानेंही पाहतो. सर्व जनावरांची व शेतांची देशव्यापी नोंद करण्याची योजना लहान शेतकऱ्यांच्या विरोधामुळें २०१० सालीं सरकारला सोडून द्यावी लागली. खर्च आणि सरकारची पाळत यांची त्यांना वाटणारी भीति अगदींच निराधार नव्हती. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सांथ कोठून आली हें कळत नाहीं, तेव्हां संशय सर्वांवर येतो, बाजार सर्वांचे बंद होतात आणि निर्दोष शेतकऱ्याचा कळपही अडकून पडतो. २०२१ सालीं शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकांत आफ्रिकी डुक्करज्वर आढळला, तेव्हां ही चिंता पुन्हां जागी झाली.

दाखला जनावराच्या आजच्या प्रकृतीविषयीं बोलतो. खूण त्याचा कालचा मार्ग सांगते. सांथीच्या दिवशीं पहिला फसूं शकतो. दुसरी जागेवर असेल, तर निदान शेजाऱ्याचा कळप वांचतो.