पवईचं तळं आणि मारसर

पलीकडच्या हिरव्या टेकड्यांमुळे पवईचा तलाव निसर्गाची देणगी वाटतो. प्रत्यक्षात तो माणसाच्या हातचा आहे. मुंबईची तहान वाढत होती, म्हणून १८९१ मध्ये बांध घालून पाणी अडवलं गेलं. सह्याद्रीत हिमनद्या नव्हत्या, त्यामुळे हिमनदीने कोरलेली तळी आपल्याकडे नाहीत. गडांवरची टाकीसुद्धा छिन्नी-हातोड्याने खोदलेली.

काश्मीरची गोष्ट वेगळी. तिथे हिमनदी सरकता सरकता डोंगराच्या कुशीत कढईसारखा खोलगट भाग कोरते आणि तोंडाशी खडकाचा किंवा दगडगोट्यांचा उंबरठा सोडते. बर्फ वितळला की त्यात पाणी साठतं. तारसर आणि मारसर ही अशीच तळी. काश्मिरीत ‘सर’ म्हणजे तळं. मारसरचं पाणी दाचीगामच्या जंगलातून दल सरोवराकडे उतरतं. श्रीनगरला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून १९१० मध्ये महाराजांच्या राजवटीत हे जंगल राखलं गेलं. आज आपण दाचीगाम ओळखतो ते हंगुल हरणामुळे, पण त्याच्या रक्षणाचं मूळ पाण्यात आहे.

दाचीगाम म्हणजे दहा गावं. जंगलासाठी उठवलेल्या गावांची ती आठवण, असं सांगतात. म्हणजे शहराच्या पाण्याची किंमत गावकऱ्यांनी मोजली. हा भाग इतिहासातून वगळणं मला बरोबर वाटत नाही.

आता पुन्हा मुंबईत येऊ. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्ही तलाव आजही शहराला पिण्याचं पाणी देतात, कारण त्यांच्याभोवतीचं जंगल टिकलं. पवईचं पाणी थोड्याच काळात पिण्यास अयोग्य ठरलं. पुढे तर भोवती वसाहती आणि टॉवर वाढले, सांडपाणी तलावात उतरलं, जलपर्णी पसरली. काठाच्या सायकल ट्रॅकचं काम मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलं आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं.

तळं हिमनदीने कोरलेलं असो की माणसाने बांधलेलं, ते जगतं वरून येणाऱ्या पाण्यावर. आपण मात्र काठ सजवतो आणि पाणलोट विसरतो. पवईला कारंजी आणि दिवे नकोत, तलावात उतरणारं सांडपाणी थांबायला हवं. आणि ते थांबवताना पुन्हा एकदा गरिबाचीच झोपडी आधी उठणार नाही, याकडेही आपलं लक्ष हवं.