यंत्राचा स्मृतिभ्रंश

माणूस विसरला तर तो अडखळतो. यंत्राची स्मृती बिघडली तर ते पुष्कळदा अडखळतही नाही. ज्या शांतपणे ते खरा आकडा पुढे ठेवते, त्याच शांतपणे खोटाही ठेवते. ह्या मुक्या दोषाचा माग कसा लागला, तो इतिहास ऐकण्याजोगा आहे.

१९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग हे गणिती रिलेवर चालणारे गणनयंत्र वापरीत. चूक झाली एवढे त्या यंत्रास कळे. पण शनिवार-रविवारी देखरेखीस माणूस नसल्यामुळे ते हातचे गणित सोडून पुढच्याकडे वळे. लागोपाठ दोन आठवडे हॅमिंगांचे काम असेच टाकून दिले गेले. चूक झाल्याचे यंत्रास कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये? ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी १९५० साली प्रसिद्ध केले. मूळ अंकांच्या निरनिराळ्या गटांना एकेक ताळ्याचा अंक जोडावयाचा. कोणकोणत्या गटांचा ताळा जुळत नाही हे पाहिले, की चुकलेल्या अंकाचे स्थान सापडते. स्मृतीच्या चुका सुधारण्याची पद्धत पुढे ह्याच तत्त्वावर उभी राहिली.

दुसरे कोडे १९७८ साली इंटेल कंपनीतील टिमथी मे व मरी वुड्स ह्यांनी उलगडले. स्मृतीच्या चिप धडधाकट असूनही त्यांतील एखादा अंक आपोआप पालटत असे. शोधाअंती दोष निघाला तो चिपच्या वेष्टनात! त्यातील युरेनियम व थोरियम ह्यांच्या सूक्ष्म अंशांतून निघणारे अल्फा कण आतील विद्युद्भार बिघडवीत होते.

स्मृतीच्या चुका बहुतांशी अशाच क्षणिक असतात, हा समज २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हालविला. गूगलच्या यंत्रांच्या अडीच वर्षांच्या नोंदींत, वर्षाकाठी शेकडा ८ हून अधिक स्मृतिपट्ट्यांत चुका आढळल्या; आणि त्यांचे प्रधान कारण कायमचे दोष हेच दिसले.

क्षणिक चूक पुन्हा भेटत नाही; कायमचा दोष पकडता येतो. घरच्या संगणकात चुका सुधारण्याची संपूर्ण सोय बहुधा नसते, म्हणून तो शोध आपणच घ्यावयाचा. वीज बंद करून रॅमच्या पट्ट्या काढाव्यात. एकेक पट्टी एकाच खाचेत बसवून चाचणीचा प्रोग्राम काही तास चालवावा. तो स्मृतीत ठरावीक अंक लिहून पुन्हा वाचून पाहतो. मग चांगली ठरलेली पट्टी इतर खाचांतही तपासावी. कारण कित्येकदा पट्टी निर्दोष असून खाचच बिघडलेली असते.

हिशेब चुकला की आपण लिहिणाऱ्यास बोल लावतो. तो लावण्यापूर्वी यंत्राचीही साक्ष तपासून घ्यावी, हाच न्याय होय.