ऑल्व्हेरा स्ट्रीट

* लॉस एंजेलिसच्या जुन्या चौकालगतची मेक्सिकन बाजारपेठ. १७८१ साली ४४ वसाहतकऱ्यांनी स्पॅनिश अमलाखाली हे गाव वसवले. त्यांतले बहुतेक आफ्रिकी, मूलनिवासी वा मिश्र वंशाचे होते.

लेखात येणारा 'हिस्पॅनिक वारसा महिना' १५ सप्टेंबरला, असा महिन्याच्या मध्यावर सुरू होतो, कारण ग्वातेमालासह मध्य अमेरिकेतल्या पाच देशांचा तो स्वातंत्र्यदिन (१८२१). मेक्सिकोचा दुसऱ्या दिवशी. १९६८मध्ये आठवड्यापुरता असलेला हा उत्सव १९८८मध्ये महिनाभराचा झाला. मूळ ठरावाच्या पुरस्कर्त्यांपैकी एडवर्ड रॉयबल पूर्वी याच शहराचे नगरसेवक होते.

गल्लीचे आजचे रंगीबेरंगी रूप मात्र १९३०चे, पर्यटकांसाठी मुद्दाम सजवलेले. १९३२मध्ये मेक्सिकन चित्रकार दाविद सिकेरोस यांना इथे भित्तिचित्राचे काम मिळाले. विषय, 'उष्णकटिबंधीय अमेरिका'. काम देणाऱ्यांना हिरवीगार रमणीयता हवी असणार. सिकेरोस यांनी रंगवला क्रुसावर चढवलेला मूलनिवासी आणि त्याच्या डोक्यावर गरुड! थोड्याच काळात चित्रावर पांढरा रंग फासला गेला. जतनाचे दीर्घ काम संपून ते ऑक्टोबर २०१२मध्ये, म्हणजे नेमके वारसा महिन्यातच, लोकांसाठी खुले झाले. जतन करणाऱ्यांनी उडालेले रंग नव्याने भरले नाहीत. — संपा.