कडाक्याच्या थंडीत बुटांचे लायनर कसे निवडावे?

जानेवारी-फेब्रुवारीत गोठलेल्या झंस्कार नदीवरचा ‘चादर’ ट्रेक करायला महाराष्ट्रातूनही अनेक जण जातात. तिथे रात्री पारा उणे 20 अंशांच्याही खाली उतरतो. जाकीट महिनाभर आधी घेतले जाते, लायनर मात्र लेहच्या दुकानात घाईघाईने. फ्रॉस्टबाइट, म्हणजे हिमदंश, पायांच्या बोटांना लवकर गाठतो, म्हणून हा क्रम उलटा हवा.

लायनर म्हणजे बुटाच्या आत बसणारे, काढता येणारे जाड अस्तर. ते स्वतः ऊब निर्माण करत नाही. रक्ताने पायापर्यंत आणलेली उष्णता त्यात अडकलेली हवा धरून ठेवते. त्यामुळे घट्ट बुटात जाड लायनर कोंबले की ही हवा दबते, बोटांचा रक्तपुरवठा कमी होतो आणि पाय अधिकच गार पडतो. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. ट्रेकला वापरणार तेच मोजे घालून बोटे हलवून पाहा. मोकळी हलत नसतील तर मोठ्या मापाचा बूट घ्या.

लोकरीच्या नमद्याचे लायनर ओलसर झाले तरी बऱ्यापैकी ऊब देते, पण वाळायला वेळ लावते. दोन जोड ठेवा. फोमचे लायनर पाणी कमी शोषते. चादरवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या गमबुटातून घाम बाहेर पडत नाही, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून सुती मोजे घरीच ठेवा. रात्री लायनर काढून स्लीपिंग बॅगेत घ्या. बुखारीला टेकवून वाळवू नका.

मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर बूट आवळतो आहे की पाय गारठला आहे, हे कळतच नाही. जाण्यापूर्वी पायांची संवेदना तपासून घ्या. ती कमी असेल तर लायनर कितीही भारी असले तरी जाऊ नका, असेच मी रुग्णांना सांगतो. धूम्रपानानेही रक्तवाहिन्या आकसतात.

गारठलेले बोट दुखायचे थांबून बधिर, पांढुरके झाले तर ‘आता बरे वाटतेय’ असे समजू नका. चोळू नका, शेकोटीवर धरू नका. आडोशाला जाऊन कोरडे मोजे व लायनर घाला. संवेदना परतली नाही तर ट्रेक थांबवून वैद्यकीय मदत घ्या. 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात पाय बुडवायचे ते पुन्हा गोठणार नाहीत याची खात्री असेल तेव्हाच.