खेळाचा सातबारा

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातल्या अणदूर आणि नळदुर्ग या गावांत खंडोबाची देवळे दोन आणि मूर्ती एक. देव सव्वादहा महिने अणदूरला राहतो, पावणेदोन महिने नळदुर्गला. त्याला नेताना-आणताना लेखी करार करायची प्रथा आहे. ताबा कोणाकडे आणि किती काळ, हे कागदावर येते आणि दोन्ही गावांना ठाऊक असते. याच खंडोबाची जागरणात गायली जाणारी कथा अशी, की सारीपाटाच्या डावात तो म्हाळसेकडून हरला आणि पैजेप्रमाणे बारा वर्षे घराबाहेर राहिला. खेळ आणि करार एकत्र वाचणाऱ्या अभ्यासक्षेत्राच्या उंबरठ्यावर वाचकाचे स्वागत करायला मला हेच उदाहरण जवळचे वाटते.

हे क्षेत्र डिजिटल खेळांच्या मालकीचे. पैसे मोजून मोबाइलवर किंवा संगणकावर घेतलेला खेळ कोणाचा? दुकानाने तो काढून घेतला तर दाद कुठे मागायची? खाते बंद पडले तर त्यातल्या कमाईचे काय? प्रश्न नवे वाटतात, पण धाराशिवच्या वाचकाला त्यांची भाषा परकी नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 आणि वर्ग 2 असतात. निजामी राजवटीतल्या मदतमाश, खिदमतमाश इनामांमुळे वर्ग 2 ची अडचण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला चांगली माहीत आहे: जमीन कसता येते, पीक आपले, पण परवानगीशिवाय विकता येत नाही. ऑनलाइन दुकानातला गिऱ्हाईकही असा वर्ग 2 चाच भोगवटादार. खरे तर त्याहून कच्चा. वर्ग 2 ची जमीन सहसा वारसाच्या नावे लागते; संगणकावरच्या खेळांच्या स्टीम या ऑनलाइन दुकानातले खाते मात्र दुकानाच्या अटींनुसार दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. शिवाय सातबाऱ्यावर वर्ग लिहिलेला असतो. दुकाने ‘विकत घ्या’ म्हणत आली आणि ‘हा फक्त परवाना आहे’ हे वाक्य लांबलचक अटींच्या पोटात ठेवत आली.

मालकीच्या जागी परवाना कधी आला, ते नेमके सांगता येते. सारीपाटाचा पट ज्याच्या घरी, त्याचा. तो शेजाऱ्याला द्या, लेकीला द्या, कोणी विचारणार नाही. संगणकावरचे खेळही आधी डबीतून, तबकडीवर येत. स्टीम 2003 साली सुरू झाले. पुढच्या वर्षी ‘हाफ-लाइफ 2’ आला तेव्हा तबकडी विकत घेणाऱ्यालाही स्टीमवर खाते उघडल्याशिवाय तो खेळता येईना. डबी घरी आली, किल्ली दुकानातच राहिली.

दुकानांनी या व्यवस्थेत सोयीही दिल्या, हे अभ्यासकाने विसरू नये. तबकडी खराब झाली तर नवी घ्यावी लागे. इथे तोच खेळ पुन्हा पुन्हा उतरवून घेता येतो. 2015 पासून स्टीमवर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ परत करून पैसे मागता येतात. जीओजी हे दुकान 2008 पासून कुलूप नसलेले खेळ विकते. एकदा फाइल उतरवली की दुकान बंद झाले तरी खेळ चालतो. म्हणजे किल्ली गिऱ्हाइकाला देणे अशक्य नाही.

न दिल्यास काय होते, ते ‘द क्रू’ या शर्यतीच्या खेळाने दाखवले. 2014 साली आलेल्या या खेळाचा सर्व्हर युबिसॉफ्ट या कंपनीने 31 मार्च 2024 रोजी बंद केला आणि एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर गेला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2025 पासून कायदाच लागू केला: परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगा, त्याशिवाय ‘विकत घ्या’ म्हणू नका.

आपल्याकडचा धक्का वेगळ्या दिशेने आला. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायर या खेळाची पाळी आली. बंदीमागची कारणे सुरक्षेची होती. पण जेवणाच्या डब्याचे पैसे वाचवून खेळातले पोशाख आणि बंदुकांच्या रंगीत खोळी घेणाऱ्या मुलांचे काय, याचे उत्तर बंदीच्या आदेशात नव्हते. पबजीच्या जागी 2021 साली बीजीएमआय आला आणि जुन्या खात्यातला ऐवज नव्या खात्यात नेण्याची मुभा काही काळ मिळाली. ती कंपनीची मर्जी होती. हक्क म्हणून कोणाला मागता आली नसती.

कायदा अगदीच मुका नाही. 2004 साली टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तबकडीवरचे तयार सॉफ्टवेअर ‘माल’ ठरवले. 2021 च्या निकालात परवाना-करारासह सॉफ्टवेअर देणे हीसुद्धा मालाचीच विक्री मानली. दोन्ही वाद कराचे होते. खेळणाऱ्याच्या हक्कासाठी ते कितपत वापरता येतील, हा या क्षेत्रातला मोकळा प्रश्न आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने गिऱ्हाइकाला तो राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय दिली, आणि 2020 चे ई-कॉमर्स नियम डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत. परंड्याच्या खेळाडूला जिल्हा ग्राहक आयोगासाठी धाराशिवच्या पुढे जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. मात्र करारच अन्यायकारक आहे म्हणायचे असेल, तर दार राज्य आयोगाचे.

या क्षेत्रात वकिलांइतकेच काम जतन करणाऱ्यांना आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. तेर म्हणजेच जुन्या तगर नगरीचा व्यापार संपून शतके लोटली, वस्तू उरल्या. उलट, अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 साली दाखवले, की तिथे 2010 पूर्वी आलेल्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ग्रंथपाल, महसुली कागद वाचणारे, लोकखेळ गोळा करणारे, सगळ्यांची इथे गरज आहे.

तेव्हा पुढची पाने उलटण्याआधी वाचकाने एक काम करावे. आपल्या किंवा घरातल्या मुलाच्या खात्याचा पंचनामा करावा. कोणते खेळ घेतले, किती पैसे गेले, इंटरनेट बंद करून त्यातले किती चालतात, हे वहीत लिहून काढावे. जे चालतील त्यांच्यापुढे वर्ग 1 लिहावे, उरलेल्यांपुढे वर्ग 2. या विषयाचा अभ्यास त्या वहीपासून सुरू होतो.